उत्पन्न कमी पडलं म्हणून

2024 च्या फेब्रुवारीतली ही केस. ह्यूस्टनला लागून असलेल्या एका काउंटीतल्या हॉस्पिटलात मी फायनान्शियल काउन्सेलर आहे. विमा नसलेला पेशंट भरती झाला की त्याची फाइल माझ्याकडे येते. कुठली योजना लागू पडते, बिलात किती सूट बसते ते बघायचं आणि अर्ज भरून घ्यायचे, हे माझं काम. त्या सकाळची फाइल एका बावन्न वर्षांच्या बाईंची होती. मधुमेह, उजव्या पायाला गँग्रीन. आदल्या रात्री इमर्जन्सीतून थेट ऑपरेशनला नेलं होतं आणि पायाची दोन बोटं काढावी लागली होती.

बाई टेक्सासमध्येच जन्मलेल्या, अमेरिकन नागरिक. हे मुद्दाम सांगते, कारण विमा नाही म्हटलं की आपल्या मराठी मंडळातसुद्धा आधी "बेकायदा आलेले असतील" असं ऐकू येतं. त्यानंतर "काम करायला नको असेल" हे ठरलेलं. बाई काम करत होत्या. आजारी, म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांना आंघोळ घालायची, भरवायचं, उचलून पलंगावरून खुर्चीत बसवायचं. तासाला 10 डॉलर 60 सेंट, आठवड्याला 24 तास. जास्त तास मागूनही एजन्सी देत नव्हती.

मी लॅपटॉप घेऊन त्यांच्या पलंगाशेजारी बसले. त्यांनी पर्समधून पगाराच्या चिठ्ठ्या काढल्या, तारीखवार लावून रबर बँड घातलेल्या. एकही आठवडा गहाळ नव्हता. हिशेब केला तर वर्षाचे साधारण 13,200 डॉलर भरले. तो आकडा पाहिला आणि माझ्या पोटात गोळा आला.

2010 चा आरोग्यविम्याचा कायदा, ज्याला सगळे ओबामाकेअर म्हणतात, त्याची आखणी सरळ होती. गरिबांना मेडिकेड, म्हणजे सरकारी विमा, द्यायचा आणि त्यांच्याहून थोडं जास्त कमावणाऱ्यांना खाजगी विम्याच्या हप्त्यात सरकारने मदत करायची. 2012 मध्ये सुप्रीम कोर्टाने मेडिकेड अशा सगळ्या गरिबांपर्यंत वाढवायचं की नाही हे राज्यांच्या मर्जीवर सोडलं. आतापर्यंत 40 राज्यांनी ते वाढवलं, टेक्सासने नाही. त्यामुळे इथे धडधाकट माणूस, ज्याची मुलं मोठी झाली आहेत, तो कितीही गरीब असला तरी त्याला मेडिकेड नाही. हप्त्याची मदत मात्र दारिद्र्यरेषेच्या वरच सुरू होते, कारण खालच्यांची सोय मेडिकेडमध्ये होणार असं कायदा लिहिणाऱ्यांनी धरलं होतं. एकट्या माणसासाठी त्या वर्षी धरायची रेषा 14,580 डॉलर होती. बाईंनी तेवढे मिळवले असते तर एक पैसाही हप्ता न भरता चांगली पॉलिसी मिळाली असती. आठवड्याला अडीच तासांचं काम कमी पडत होतं.

"तुमचं उत्पन्न कमी आहे, म्हणून मदत बसत नाही," मी म्हटलं.

"जास्त आहे म्हणून, असंच ना?"

"नाही. कमी आहे म्हणून."

त्यांनी लॅपटॉप स्वतःकडे वळवला आणि आकडे बोट ठेवून वाचले. मग म्हणाल्या, "मी ज्या आजोबांकडे जाते ना, त्यांना आंघोळ घालायचे पैसे मला मेडिकेडच देतं." ते मला माहीत होतं. त्यावर द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

विम्याच्या वादात एक युक्तिवाद हमखास येतो: इमर्जन्सीतून कुणाला परत पाठवत नाहीत, मग विमा नसला म्हणून बिघडलं कुठे? 1986 पासून तसा कायदा आहे खरा. पैसे नसले तरी तपासायचं आणि प्रकृती स्थिर करायची. त्याच कायद्यामुळे बाईंचा जीव वाचला, मी ते नाकारत नाही. पण त्यांची साखर दोन वर्षं कुणी तपासली नव्हती. मधुमेहाच्या, मेटफॉर्मिनच्या गोळ्या दुकानात महिन्याला चार डॉलरला मिळतात. गोळ्या संपल्यावर नवी चिठ्ठी हवी, चिठ्ठीसाठी डॉक्टर हवा आणि डॉक्टरांची रोखीतली फी दीडशे डॉलर. त्या दीडशे डॉलरपायी गोळ्या बंद झाल्या. बूट चावून झालेली जखम त्या घरीच धूत राहिल्या. इमर्जन्सीचा कायदा या दोन वर्षांत कुठेच लागू होत नाही. तो लागू झाला तेव्हा बोटं काळी पडली होती.

दुसरा आक्षेप करांचा. आमच्या कष्टाच्या पैशातून दुसऱ्याचा विमा कशाला, असं विचारणारी माणसं वाईट नसतात. माझ्या ऑफिसातही आहेत. पण वाढीव मेडिकेडचा 90 टक्के खर्च केंद्र सरकार उचलतं, आणि ऑपरेशनचं न भरलेलं बिलही शेवटी हॉस्पिटल कुठून तरी वसूल करतंच. 2023 मध्ये देशात 2 कोटी 60 लाखांच्या आसपास माणसं विम्याविना होती. त्यांचं प्रमाण सगळ्यात जास्त टेक्सासमध्ये, साधारण सहांत एक. यांतले कितीतरी जण आपल्याच ओळखीचे असतात, आपण विचारत नाही इतकंच.

बाईंच्या काउंटीचा गरिबांसाठीचा कार्यक्रमही पाहिला. तिथे उत्पन्नाची मर्यादा दारिद्र्यरेषेच्या 21 टक्के आहे, म्हणजे वर्षाला जेमतेम तीन हजार डॉलर. त्याला बाईंचं उत्पन्न फार जास्त. शेजारच्या, ह्यूस्टन ज्यात येतं त्या हॅरिस काउंटीत राहत असत्या तर तिथल्या सार्वजनिक हॉस्पिटलांच्या योजनेत बसल्या असत्या. त्या हद्दीपासून दोन मैलांवर राहत होत्या.

शेवटी आमच्या हॉस्पिटलच्या चॅरिटी केअरचा अर्ज भरला. त्यात हॉस्पिटलचं बिल माफ होणार होतं, पण सर्जन आणि भूल देणाऱ्यांची बिलं वेगळी येतात, त्यांना वेगळी पत्रं लिहिली. पुढच्या तपासण्यांसाठी उत्पन्नानुसार फी घेणाऱ्या सामुदायिक दवाखान्यात वेळ घेतली.

मी कागद आवरत होते तेव्हा बाईंनी विचारलं, "वर्षअखेरीला ती रेषा गाठायची तर किती तास लागतील?" पाय बरा व्हायला दोन महिने धरले. उरलेल्या आठवड्यांत दर आठवड्याला 33 तास. मी तो आकडा कागदावर लिहून दिला. त्यांनी माझ्यासमोरच एजन्सीला फोन लावला. ऑपरेशनचं सांगितलं, लगेच पुढे म्हणाल्या की एप्रिलपासून मला 33 तास द्या, रात्रपाळी चालेल, वजनदार पेशंटसुद्धा चालेल. पलीकडून नाव लिहून ठेवतो एवढंच उत्तर आलं. बाईंनी दुसऱ्या एजन्सीचा नंबर शोधून द्याल का म्हणून विचारलं, आणि आम्ही दोघी तो शोधायला लागलो.