नऊ माणसांचं घर

यवतमाळ जिल्ह्यातल्या ६२ घरांच्या एका टोलीत आमचं भित्तीपत्र दर पंधरा दिवसांनी लागतं. लिहिणारी पोरं-पोरी १६ ते २१ वर्षांची, बहुतेकांची शाळा दहावीच्या आतबाहेर सुटलेली. बातमी लिहायला शिकवण्याचा माझा वर्ग वेचणीच्या दिवसांत रात्री आठनंतरच भरतो. २२ बाय २८ इंचांच्या दोन कार्डशीट जोडायच्या. मथळ्याचं अक्षर दोन इंच, मजकुराचं अर्धा इंच. स्केचपेन उन्हात आठवडाभरात उडतो, म्हणून मार्कर. कणकेच्या खळीला बकऱ्या सोकावतात, म्हणून कागद डोक्याच्या उंचीला. एक प्रत पारावर आणि एक चक्कीवर, कारण पारावर बाया थांबत नाहीत आणि रेशन, पाणी, दवाखाना यांच्या बातम्या त्यांच्याच असतात.

एका खेपेची बातमी रेशनची होती. अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबाला महिन्याला माणशी ५ किलो धान्य, अंत्योदयच्या कार्डाला ३५ किलो. टोलीत सगळे म्हणत, कमी मिळतं. पण ‘कमी मिळतं’ ही बातमी नव्हे. किती कमी, कोणत्या काट्यावर, कोणत्या पावतीसमोर, हे मी दोन वर्षं शिकवत आले.

अठरा वर्षांच्या एका मुलीनं ते काम घेतलं, आणि तिनं केलं तसं तालुक्याला वार्ताहर म्हणून मिरवणाऱ्या कोणी केलेलं मी पाहिलं नाही. ते आलेलं प्रसिद्धिपत्रक तसंच पुढे पाठवतात. हिनं आधी काटा तपासला. स्प्रिंगचा ताणकाटा घेतला नाही. स्प्रिंग ढिली पडली की तो जास्त वजन दाखवतो आणि तूट झाकली जाते. भाजीवाल्याकडून इलेक्ट्रॉनिक काटा मागून आणला, त्यावर मिठाच्या एक-एक किलोच्या दहा सीलबंद पुड्या ठेवून पाहिल्या. एका बाईच्या घरी आलेला रेशनचा गहू वेगळा मोजला, तांदूळ वेगळा. मग चुंगड्या रिकाम्या करून त्यांचं वजन वजा केलं. रेशन दुकानात अंगठा लावायच्या पॉस मशीनच्या पावतीचा फोटो त्याच दिवशी काढला, कारण तो कागद चुलीजवळ राहिला की काळा पडतो. पावतीवर ४५ किलो, काट्यावर ४० किलो ७०० ग्रॅम. तिनं दुकानदारालाही विचारलं. तो म्हणाला, गोदामातूनच कट्टा भरला येत नाही, बारदान धान्यातच धरतात. तेही तिनं त्याच्याच शब्दांत लिहिलं. खाली तक्रारीसाठी १९६७ हा क्रमांक.

ज्या बाईचं धान्य मोजलं, तिचं नाव आम्ही दिलं नाही. तिला तसा शब्द दिला होता. मी मजकूर दोनदा वाचला आणि ‘नऊ माणसांच्या घराला’ हे शब्द तसेच ठेवले. अचूक होते, म्हणून ठेवले.

सकाळी सातला कागद लागला. दहा वाजता दुकानदार त्या बाईच्या अंगणात उभा होता. “तुले पावती कोणी मांगतली?”

मुलगी धावत माझ्याकडे आली. रडत नव्हती. म्हणाली, “ताई, टोलीत नऊ नावाचं कार्ड एकच हाय. आपण नावच लिवलं.”

दुकानदाराकडे टोलीतल्या प्रत्येक कार्डाची माणसं तोंडपाठ असतात. हे मला सुचायला हवं होतं. पुढच्या महिन्यात त्या बाईला ‘अंगठा लागत नाही’ म्हणून दोनदा परत पाठवलं. आणि टोलीतली चर्चा तुटीवर नव्हतीच. बाईनं पावती बाहेर का दिली, यावर होती. याची चीड मला अजून आहे.

शहरातून येणारे प्रशिक्षक ‘नाव बदलले आहे’ एवढं शिकवून, प्रमाणपत्रं वाटून जातात. शहरात नाव काढलं की माणूस लपतो. ६२ घरांत घरातल्या माणसांचा आकडा, हातपंपाजवळचं घर, मुलीची यत्ता, बोलण्याची लकब, कशानंही तो ओळखू येतो. तूट माणशी काढली असती, म्हणजे ५ किलोमागे सुमारे पावणेपाचशे ग्रॅम, तर बातमी तेवढीच खरी राहिली असती. निदान पाच घरांचं धान्य मोजायला हवं होतं. तेव्हा बाकीच्यांचा गहू दळून झाला होता आणि आम्हाला पुढच्या वाटपापर्यंत धीर धरवला नाही. मुलीला मात्र हे पटत नाही. “पाच घरं धरले तरी तो पाचही जणीले विचारनच,” ती म्हणते. मला यावर उत्तर सापडलेलं नाही.

कागद काढू का, असं विचारायला ती त्या बाईकडे गेली होती. बाई तूर पाखडत होती. सूप न थांबवता म्हणाली, “लिवलं ते खोटं हाय का?” कागद राहिला.

आता मजकूर लागण्याआधी ज्याची हकिकत, त्याला तो मोठ्यानं वाचून दाखवतो. नाव देऊ का, हे विचारून थांबत नाही. हे वाचून तुम्हीच आहात असं कोणाकोणाला कळेल, हेही विचारतो. परवा पाणीपट्टीच्या बातमीसाठी एका म्हातारीला तीच मुलगी हे विचारत होती. म्हातारीनं बोटांवर मोजायला सुरुवात केली. अकरा नावं झाली. मुलीनं वहीत दोन ओळी खोडल्या आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं.