दक्षिण कोकण हेक्सक्रॉल, कामाची नोंद: उत्तर नक्की कुठे?

हेक्सक्रॉल म्हणजे षटकोनी घरांच्या (हेक्सच्या) नकाशावर घराघराने प्रवास करत खेळायचा रोल-प्लेइंग खेळ. आपल्या खेळासाठी दाभोळ ते वेंगुर्ले हा पट्टा आता एका ए३ कागदावर बसला आहे. हेक्स १० किलोमीटरचा, समोरासमोरच्या बाजूंमधलं अंतर धरून. कागदावर २० मिलिमीटर. उत्तर-दक्षिण अंतर सुमारे १९० किलोमीटर, म्हणजे १९ हेक्स, ३८० मिलिमीटर. ए३ची लांब बाजू ४२० मिलिमीटर, त्यामुळे दोन्हीकडे समास उरतो. रुंदीला सह्याद्रीच्या माथ्यापासून दर्यातल्या दोन-तीन हेक्सपर्यंत १४ रकाने पुरतात.

अडचण इथून पुढे. आपलं कोकण उभं आणि टेबल आडवं. म्हणून खेळताना कागद फिरवला जातो: पूर्व वर, उत्तर डावीकडे, दर्या खालच्या कडेला. घाट समोर भिंतीसारखा उभा राहतो, दिसायला झकास! हरकत नाही, पण तशी वेगळी आडवी प्रत छापायची तर हेक्सचा प्रकार बदलावा लागतो, आणि नेमकं तेच राहून जातं.

फ्लॅट-टॉप (सपाट कड वर असलेल्या) हेक्समधून सरळ वर आणि सरळ खाली जाता येतं, डावी-उजवीकडे नाही. पॉइंटी-टॉपचं (टोक वर असलेल्याचं) उलट. उत्तर वर असलेल्या कागदावर किनाऱ्याने प्रवास करायचा तर फ्लॅट-टॉपच हवा. पॉइंटी-टॉपवर पार्टी (खेळाडूंच्या पात्रांची टोळी) नागमोडी चालते आणि १० हेक्सच्या वाटेला साडेअकरा पडतात. पूर्व वर ठेवून नवा कागद छापायचा असेल तर मात्र पॉइंटी-टॉप निवडा, कारण आता उत्तर-दक्षिण म्हणजे डावं-उजवं. पूर्व-पश्चिम चाल दोन्ही प्रतींत नागमोडीच राहते. पण किनाऱ्यापासून घाटापर्यंत जेमतेम पाच हेक्स, तोटा पाऊण हेक्सचा. चालतंय.

किनारा नाकासमोर दक्षिणेला जात नाही, सुमारे १४ अंश पूर्वेला कलतो. तीन हेक्स दक्षिणेला, एक आग्नेयेला, पुन्हा तीन दक्षिणेला, असा क्रम धरला की दाभोळपासून वेंगुर्ल्यापर्यंतची रेघ जवळपास तंतोतंत येते. आधी ही रेघ पेन्सिलीने टाका, मग जयगड, पूर्णगड, विजयदुर्ग अशी खाड्यांची मुखं तिच्यावर बसवा.

हेक्सचे क्रमांक भूगोलाला बांधलेले ठेवा: पहिले दोन आकडे पश्चिमेकडून, पुढचे दोन उत्तरेकडून. आडव्या प्रतीवर डाव्या वरच्या कोपऱ्यातून नव्याने मोजायला लागलात तर तो कोपरा ईशान्येचा निघतो. मग टेबलवरचा ०४०७ वेगळा आणि ऑनलाइन बसलेल्या खेळाडूच्या स्क्रीनवरचा वेगळा.

कडांवर उ, द, पू, प अशी अक्षरं लिहून भागत नाही. टेबलाच्या पलीकडून ‘पू’ आणि ‘प’ सारखेच दिसतात. पूर्ण शब्द लिहा आणि पश्चिमेच्या कडेला निळी पट्टी ओढा.

एनपीसींच्या (खेळ चालवणारा ज्यांच्या वतीने बोलतो त्या पात्रांच्या) तोंडी ‘दर्याकडे’ आणि ‘घाटाकडे’ या दोन दिशा दिल्या आहेत. कागद कसाही फिरवला तरी त्या बदलत नाहीत. दोन ठिकाणी मात्र त्या फसतात. देवबागला पश्चिमेला दर्या आणि पूर्वेला कर्लीची खाडी, त्यामुळे नुसतं ‘पाण्याकडे’ म्हटलं की अर्धी पार्टी उलट जाते. जलदुर्गावर तर चारी बाजूंनी दर्याच. तिथे ‘किनाऱ्याच्या अंगाला’ आणि ‘खुल्या दर्याच्या अंगाला’ असं लिहिलंय. ‘वर’ आणि ‘खाली’ फक्त उंचीसाठी राखून ठेवलेत. नाहीतर कागदाची वरची कड, वरचा मजला आणि घाटावरचं गाव यांची खिचडी होते.

जलदुर्गाचा आराखडा कल्पित आहे, पण दरवाजा गोमुखी, म्हणजे बुरुजांच्या वळणाआड लपलेला. सिंधुदुर्गाचं (आरंभ १६६४) महाद्वार बाहेरून चटकन दिसत नाही ते बुरुजांच्या अशाच वळणामुळे, आणि मॅपरची (नकाशा काढणाऱ्या खेळाडूची) वाट चुकते तीही इथेच. आपल्या आराखड्यात धक्का पूर्वेला आहे. उतरून ४० फूट पश्चिमेला चालायचं, मग दोन बुरुजांमधून डावीकडे, म्हणजे दक्षिणेला वळायचं, दरवाजा उत्तराभिमुख. वर्णनात नुसतं ‘बोळातून आत शिरता’ असं वाचलं तर खेळाडूचं तोंड अजून पश्चिमेलाच असतं आणि पुढचा अख्खा किल्ला ९० अंशांनी फिरतो: दक्षिणेची विहीर पश्चिमेला काढली जाते. म्हणून प्रत्येक प्रवेशाच्या नोंदीत शेवटी ‘आता तोंड: दक्षिण’ ही ओळ टाकली. खोल्यांच्या वर्णनातून ‘डावा दरवाजा’ वगैरे सगळं काढलं. पार्टी चोरवाटेने आली की डावं-उजवं उलटतं.

जिन्यांचंही तेच. मधल्या चौथऱ्यावर उलटा वळणारा जिना पूर्वेकडे तोंड करून चढलात तर वर पश्चिमेकडे तोंड करून निघता. दोन्ही टोकांची तोंडं लिहा. तिन्ही मजले एकाच ग्रिडवर काढलेत, एक चौकोन ५ फुटांचा, आणि जिना तिन्ही कागदांवर च-७ मध्येच. बटर पेपरवरच्या प्रती एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावा: जिन्याचे चौकोन आणि उत्तरेचे बाण दोन्ही जुळले पाहिजेत. नुसते चौकोन जुळले तर समजू नका झालं, कागद जिन्याभोवती फिरलेला असू शकतो.

सावलीच्या कोड्याबद्दल. ‘भर दुपारी खांबाची सावली उत्तर दाखवते’ हे युरोपातल्या साहसांतून जसंच्या तसं उचलू नका. या पट्ट्यात मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत मध्यान्हीचा सूर्य उत्तरेकडे कललेला असतो, सावली दक्षिणेला पडते. जून-जुलैत ढगांमुळे सावलीच मिळणं मुश्कील, म्हणजे कोड्याला खरा धोका मेच्या उत्तरार्धात. त्या खोलीच्या नोंदीत महिना घातला आहे.

बाकी काम: घाटवाटांचे हेक्स, आणि आडव्या प्रतीवरची गावांची नावं. ती बाहेरच्या कडेकडे तोंड करून लिहायची की सगळी एकाच दिशेने, हे ठरायचं आहे. तूर्तास कल एकाच दिशेकडे, कारण चार बाजूंनी लिहिलेली नावं पाहून कुठली कड वरची तेच कळेनासं होतं.