तुम्ही विचारलंत म्हणून: त्या मोडीत निघालेल्या उपग्रहाविषयी

व्याख्यान संपले की कोणी ना कोणी विचारतेच: "चांद्रयान, मंगळयान सोडून तुम्ही दर वेळी नासाच्या त्या मोडीत निघालेल्या टीडीआरएस-1 उपग्रहावर कसे येता?" सभागृहात मी हसून वेळ मारून नेतो. तो केवळ इतर यानांचे संदेश जमिनीवर पोहोचवणारा निरोप्या होता, त्याने स्वतः काहीही शोधले नाही, हा आक्षेप मला मान्य आहे. पण हे निरोपे नव्हते तेव्हा शटलसारखे यान प्रदक्षिणेच्या जेमतेम 15 टक्के काळ जमिनीवरील केंद्रांच्या संपर्कात राहू शकत असे, हेही विचारणाऱ्याने ध्यानात घ्यावे.

4 एप्रिल 1983 रोजी तो चॅलेंजर या शटलमधून गेला. त्याला भूस्थिर कक्षेत, म्हणजे सुमारे 36 हजार किलोमीटर उंचीवर पृथ्वीच्या फिरण्याच्या गतीने फिरत राहण्याच्या कक्षेत, नेणाऱ्या रॉकेटचा दुसरा टप्पा पेटलेला असतानाच नोझल, म्हणजे झोत बाहेर टाकणारे तोंड, वळवणारी यंत्रणा बिघडली आणि रॉकेट व उपग्रह, एकमेकांना जोडलेलेच, गरगरू लागले. नियंत्रकांनी आज्ञा पाठवून उपग्रह सोडवला आणि स्थिर केला, तेव्हा त्याची कक्षा एका टोकाला सुमारे 35 हजार, तर दुसऱ्या टोकाला सुमारे 22 हजार किलोमीटर उंचीवर होती. तिथे दुरुस्तीला जाणे शटलच्या आवाक्याबाहेरचे होते. हाताशी उरली ती केवळ उपग्रहाचे तोंड योग्य दिशेला ठेवण्यासाठी बसवलेली चिमुकली इंजिने. एकेकाचा जोर अर्धा किलो वजनाएवढा आणि हलवायचा होता दोन टनांहून जड उपग्रह. वल्ह्याने गलबत हाकण्यासारखाच हा प्रकार. इंजिने तापत, काही निकामीही झाली. तरीही 39 वेळा ती चालवून, दर वेळी कक्षा थोडी थोडी उचलत, 29 जूनला उपग्रह भूस्थिर उंचीवर पोहोचवण्यात आला.

ही कथा मी पूर्वी चिकाटीचा विजय म्हणून रंगवून सांगत असे, टाळ्याही मिळत. आता स्वतःलाच विचारतो की टाकीत जास्तीचे इंधन नसते, तर त्या चिकाटीचे काय झाले असते? यावर माझा जुना अवतार म्हणतो की इंधन असूनही हात टेकणारे पुष्कळ असतात. दोघांपैकी कोणालाच मी गप्प करू शकलेलो नाही.

त्याचा जोडीदार, म्हणजे तसाच दुसरा उपग्रह, 1986 मध्ये चॅलेंजरच्या अपघातात सात अंतराळवीरांसह नष्ट झाला आणि 1988 पर्यंत ह्या एकट्यानेच भार वाहिला. पुढे त्याच्या कक्षेचा विषुववृत्ताशी असलेला कल वाढत गेला, म्हणजे तो रोज उत्तर-दक्षिण अधिकाधिक झुलू लागला. एरवी हे म्हातारपणाचे लक्षण. पण त्यामुळेच तो दक्षिण ध्रुवावरून रोज काही तास दिसू लागला. 1999 मध्ये तिथल्या तळावरील डॉक्टर जेरी नीलसन यांना स्तनाच्या कर्करोगाची शंका आली, हिवाळ्यात विमान उतरणे शक्य नव्हते, तेव्हा अमेरिकेतील डॉक्टरांशी सल्लामसलत झाली ती ह्याच उपग्रहाच्या आधाराने.

"मग खाली का नाही आणला?" हा पुढचा प्रश्न. एवढ्या उंचीवरून खाली आणायला जे इंधन लागते, त्याच्या अत्यल्प अंशात उपग्रह काहीशे किलोमीटर वर सरकवून इतरांची वाट मोकळी करता येते. जून 2010 मध्ये तेच केले गेले. आदल्या वर्षी त्याचा शेवटचा प्रवर्धक, म्हणजे संदेशाचा जोर वाढवणारा भाग, बंद पडला होता. शेवटचा भाग निकामी होईपर्यंत राबवून घेणे शहाणपणाचे होते की जुगार, हे मला अजून ठरवता आलेले नाही. त्याबद्दल मात्र कोणी विचारत नाही.