गुरगुरू द्या त्याला

न गुरगुरता चावणाऱ्या कुत्र्यापेक्षा गुरगुरणारा कुत्रा मला केव्हाही परवडतो. घरोघरी जाऊन कुत्र्यांना ट्रेनिंग देणं हे माझं काम, आणि ही गोष्ट मला नाशिकमधल्या जवळजवळ प्रत्येक घरात समजावून सांगावी लागते. इंदिरानगरच्या एका घरात मात्र भुऱ्याने ती माझ्यासमोर दाखवूनच दिली.

भुऱ्या शेल्टरमधून आणलेला देशी कुत्रा. वय अंदाजे दोन-अडीच वर्षं, नसबंदी झालेली, त्याची खूण म्हणून कानाचा शेंडा कापलेला. घरात आजी-आजोबा, मुलगा-सून आणि चौथीतला नातू. सुरुवातीचे दिवस छान गेले. मग एकदा तो जेवत असताना सूनबाई भांड्याजवळून गेल्या आणि तो गुरगुरला. कुणीतरी सल्ला दिला, "आत्ताच जिरवा, नाहीतर डोक्यावर बसेल." झालं! रोज जेवताना भांड्यात हात घालायचा, मध्येच भांडं काढून घ्यायचं, गुरगुरला की नाकावर वर्तमानपत्राची गुंडाळी. थोड्याच दिवसांत गुरगुरणं बंद झालं आणि सगळ्यांना वाटलं, सुधारला. एका संध्याकाळी मुलाने भांडं उचलायला हात पुढे केला, तर जराही आवाज न करता भुऱ्याने त्याचं मनगट धरलं.

जखम त्यांनी नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं धुतली, त्याच रात्री डॉक्टरांकडे जाऊन रेबीजची लस सुरू केली. हे अगदी योग्य केलं. कुत्र्याला लस दिलेली आहे म्हणून घरच्या घरी हळद लावून बसणारे लोक मी पाहिले आहेत, आणि मला त्यांची फार काळजी वाटते.

मला बोलावलं तेव्हा कुत्रा परत सोडून यायचं जवळपास ठरलंच होतं.

गेल्यावर मी आधी घर पाहिलं. भुऱ्याचं भांडं स्वयंपाकघर आणि बाल्कनी यांच्यामधल्या बोळात, अगदी येण्याजाण्याच्या वाटेवर. म्हणजे प्रत्येक जेवणात पाच माणसांचे पाय त्याच्या ताटाजवळून जाणार. मी त्याला जेवण वाढायला सांगितलं आणि हॉलच्या दुसऱ्या टोकाला उभी राहिले. खाली दोन फुटी फरशा होत्या, त्यामुळे अंतर मोजायला सोपं पडलं. एकेक फरशी पुढे सरकत गेले. भांड्यापासून मोजलं तर सहाव्या फरशीपर्यंत शेपूट सैल होती, चघळणं निवांत. पाचव्या फरशीवर तो भराभर गिळायला लागला. चौथीवर पाय ठेवला आणि तो थांबला. तोंड भांड्यातच, मान ताठ, आणि डोळ्याच्या कडेला पांढरा भाग दिसायला लागला. मी तिथूनच मागे फिरले.

हे गोठणं एखाद-दुसरा सेकंद टिकतं आणि बहुतेकांच्या नजरेतून निसटतं. केंडल शेपर्ड या ब्रिटिश पशुवैद्य बाईंनी कुत्र्यांच्या अशा इशाऱ्यांची शिडीच मांडून दाखवली आहे. नजर टाळणं, जांभई, अंग चोरणं इथपासून सुरुवात होते. पुढे ताठरणं, गुरगुरणं, हवेत दात वाजवणं आणि शेवटी चावा. गुरगुरल्याबद्दल मार दिला की भीती जात नाही, फक्त मधली पायरी जाते. भुऱ्याचं तेच झालं होतं.

हे मी सूनबाईंना सांगत होते तेवढ्यात नातू ओरडला. टीपॉयवरची आजोबांच्या बीपीच्या गोळ्यांची पट्टी तोंडात धरून भुऱ्या दिवाणाखाली शिरला होता.

सगळे एकदम उठले. मुलगा गुडघ्यावर बसून आत हात घालायच्या बेतात, आजोबांच्या हातात काठी. दिवाणाखालून पट्टी चावल्याचा चुरचुर आवाज येत होता. मी म्हटलं, "कुणीही जागचं हलू नका. त्याच्याकडे बघूसुद्धा नका." आणि त्याच वेळी आतून आवाज आला. खोल, घशातून आलेली गुरगुर.

"बघा ताई, परत सुरू झालं याचं!" मुलगा म्हणाला.

"गुरगुरू द्या त्याला. तो बोलतोय तोवर आपल्याकडे वेळ आहे."

मला खरोखर बरं वाटलं होतं. मारून दाबलेला इशारा त्याच्याकडे अजून शिल्लक होता. मी आजींना फ्रीजमधलं पनीर आणायला सांगितलं आणि एक तुकडा लांबूनच दिवाणाच्या कडेपाशी टाकला. तो नुसता बघत राहिला. दुसरा थोडा अलीकडे. चुरचुर थांबली. तिसरा टाकला तेव्हा नाक बाहेर आलं, मग पुढचे पाय. मी बाल्कनीच्या दिशेने तुकडे टाकत गेले आणि तो ते वेचत गेला. शेवटची मूठभर बाल्कनीत टाकली, तो आत गेला, मुलाने मागून जाळीचं दार ओढून घेतलं. त्याच्या डोळ्यांदेखत पट्टी उचलली असती तर पनीर म्हणजे फसवणूक हे तो कायमचं शिकला असता, म्हणून दार लागल्यावरच मी दिवाणाखाली वाकले.

पट्टीवर दातांची भोकं होती. एक कप्पा फुटला होता आणि त्यातली गोळी फरशीवर ओली होऊन पडली होती. आजोबांनी आतापर्यंत घेतलेल्या गोळ्या आणि उरलेल्या गोळ्या आम्ही दोनदा मोजल्या, हिशेब जुळला. तरीही पशुवैद्यांना फोन करून सगळं सांगितलं. एक जरी कमी भरली असती तर लक्षणांची वाट न बघता थेट दवाखाना गाठायचा होता, कारण माणसाच्या रक्तदाबाची गोळी कुत्र्याच्या जिवावर बेतू शकते.

आजोबा काठी बाजूला ठेवून बसले. म्हणाले, "मारलं असतं तर गिळली असती का हो त्याने?"

"बहुतेक गिळलीच असती. हातातून जाणार असं दिसलं की कुत्रा ती वस्तू पोटात टाकतो."

"पण मालक कोण हे त्याला कळायला नको?"

हा प्रश्न मला नेहमी येतो. त्यामागची कळपाच्या म्होरक्याची कल्पना रुडॉल्फ शेंकेल यांच्या लांडग्यांवरच्या १९४७च्या अभ्यासापर्यंत जाते, आणि ते लांडगे प्राणिसंग्रहालयात एकत्र कोंडलेले होते. पुढे डेव्हिड मीच यांनी जंगलातले लांडगे वर्षानुवर्षं पाहून सांगितलं की कळप म्हणजे मुळात आई-बाप आणि त्यांची पिल्लं. म्होरक्याची कल्पना एके काळी त्यांनीही पसरवली होती, ती त्यांनीच मागे घेतली. आजोबांना मी एवढं सगळं सांगितलं नाही. म्हटलं, "पंगतीत वाढपी जवळ आला की आपण ताट झाकून बसत नाही, कारण तो द्यायला येतो. आपल्याला भुऱ्याचे वाढपी व्हायचंय."

त्याच दिवशी भांडं मागच्या खोलीच्या कोपऱ्यात हलवलं. काम ठरलं ते असं: तो जेवत असताना सहाव्या फरशीपर्यंत जायचं, भांड्याजवळ पनीरचा तुकडा टाकायचा आणि लगेच परत फिरायचं. परत फिरणं विसरायचं नाही, अर्धं औषध त्यातच आहे. तुम्ही दिसताच त्याची मान सैल वर येऊन शेपूट हलायला लागली, तरच पुढची फरशी. ताठरला तर पुढच्या वेळी दोन फरशा मागे. भांड्यात हात कुणीच घालायचा नाही. आणि नातवाने यातलं काहीही करायचं नाही. जेवणाच्या वेळी मधलं दार बंद.

त्या दुपारी भुऱ्याने जांभई दिली तेव्हा त्याच्या सुळ्यांची मागची बाजू झिजलेली दिसली. पिंजऱ्याची जाळी चावत राहणाऱ्या कुत्र्यांचे दात असे होतात. पशुवैद्यांकडे दात तपासले, जंताचं औषधही झालं, कारण दुखणं किंवा सततची भूक असेल तर नुसत्या ट्रेनिंगचा उपयोग नाही. शेल्टरने "शांत आहे" म्हणून दिला याबद्दल घरचे चिडले होते. मला तो राग पटला नाही. पिंजऱ्यात अन्न राखणारा कुत्रा घरात ते सोडून देऊ शकतो आणि तिथे गरीब वाटलेला घरात राखायला लागू शकतो. जागा बदलली की कुत्र्याची वागणूक बदलते.

आजींनी हे काम सगळ्यात मनापासून केलं, रोज ठरल्या वेळी, घाई न करता. आता त्या खोलीत आल्या की भुऱ्या भांडं सोडून त्यांच्या हाताकडे बघतो. मुलाला अजून एक फरशी लांब थांबावं लागतं. मनगटाचा प्रसंग दोघांच्याही अंगात आहे. हाडं आणि चघळायच्या कांड्या बंदच ठेवल्या आहेत. गोळ्या टीपॉयवरून कपाटात गेल्या.

त्या घरात रांगतं मूल असतं तर मी कदाचित वेगळा सल्ला दिला असता, आणि तसा तो काही घरांना दिलाही आहे. दिवाळीत नणंदबाई तान्ह्या बाळाला घेऊन यायच्या होत्या तेव्हा सूनबाईंनी विचारलं, "आता तर सुधारलाय, दार उघडं ठेवलं तर चालेल ना?" मी नाही म्हटलं. बाळ घरात असेतोवर भुऱ्याचं जेवण मागच्या खोलीत, बाहेरून कडी लावून.