बारा फ्लास्कमधली उत्क्रांती

उत्क्रांती डोळ्यांदेखत घडताना पाहायची, तर अमेरिकी जीवशास्त्रज्ञ रिचर्ड लेन्स्की यांच्या प्रयोगाला तोड नाही. २४ फेब्रुवारी १९८८ रोजी त्यांनी एकाच ई. कोलाय (आतड्यात आढळणारा जिवाणू) पेशीच्या वंशजांच्या बारा वसाहती सुरू केल्या. पद्धत साधीच. फ्लास्कमध्ये १० मिलि द्रव, लिटरमागे फक्त २५ मिग्रॅ ग्लुकोज, तापमान ३७ अंश. रोज त्यातला ०.१ मिलि काढून ९.९ मिलि ताज्या द्रवात टाकायचा. शंभरपट विरळ झालेले जिवाणू पुन्हा तेवढेच वाढेपर्यंत साधारण साडेसहा पिढ्या होतात.

खरी भीती भेसळीची, म्हणजे एका फ्लास्कमधले जिवाणू दुसऱ्यात जाण्याची. म्हणून सहा वसाहती विशिष्ट प्लेटवर लाल दिसतात, सहा पांढऱ्या. रोज एक लाल, एक पांढरी अशा क्रमाने त्या हाताळतात. चुकीचा रंग दिसला की गडबड कळते. दर ५०० पिढ्यांनी नमुने उणे ८० अंशांना गोठवतात आणि ते पुन्हा जिवंत करता येतात! जीवाश्मांच्या अभ्यासकाला हे सुख कुठलं?

त्या द्रवात सायट्रेटही (सायट्रिक आम्लाचा क्षार) असतं, पण ऑक्सिजन असताना ई. कोलायला ते अन्न म्हणून आत घेता येत नाही. सुमारे ३१,५०० पिढ्यांनंतर एका वसाहतीला ते जमलं. सायट्रेट आत आणणाऱ्या जनुकाची जादा प्रत तयार झाली आणि ती ऑक्सिजनमध्येही चालू राहणाऱ्या प्रवर्तकाच्या (जनुक चालू करणाऱ्या डीएनएच्या तुकड्याच्या) ताब्यात गेली. गोठवलेले पूर्वज पुन्हा वाढवून पाहिले, तेव्हा ही क्षमता प्रामुख्याने २०,००० पिढ्यांनंतरच्या नमुन्यांतच पुन्हा उगवली. म्हणजे आधीच्या उत्परिवर्तनांनी (डीएनएतल्या बदलांनी) वाट तयार केली होती.