काळी एकचा खर्ज आणि सोळा फुटांचा हॉल

"तंबोरा सुरू झाला की शोकेसची काच वाजते," दार उघडताच काकांनी सांगितलं. सिंहगड रस्त्यावरचा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. दुकानाने टॉवर स्पीकरची, म्हणजे जमिनीवर उभ्या राहणाऱ्या उंच स्पीकरची, जोडी दोन दिवस घरी ऐकायला पाठवली होती आणि घ्यायची की परत करायची, हे त्या दिवशी ठरायचं होतं. मी टेम्पोत बुकशेल्फ म्हणतात त्या छोट्या स्पीकरची एक जोडी, दोन स्टँड, मापाचा माइक आणि लॅपटॉप घेऊन गेलो होतो.

आधी टेप काढली. हॉलची लांबी ४.९ मीटर, म्हणजे सोळा फूट. रुंदी ३.३५. अकरा फुटांच्या भिंतीला टीव्ही युनिट, समोरच्या भिंतीला सोफा अगदी टेकलेला. टॉवर युनिटच्या दोन बाजूंना, मागे जेमतेम १५ सेंटिमीटर जागा. डावा टॉवर थेट कोपऱ्यात, उजव्याच्या शेजारी पॅसेजचं तोंड उघडं. तारांची प्लस-मायनस तपासली, ती बरोबर होती. काकांना शंका अँप्लिफायरची होती, पण त्याचा यात काही दोष नव्हता.

आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. त्याला खोलीच्या लांबीच्या दुपटीने भागलं की त्या लांबीत घुमणारी पहिली कंप्रता मिळते. इथे ३४३ भागिले ९.८, म्हणजे ३५ हर्ट्झ, सेकंदाला ३५ कंपनं. तिची दुप्पट ७०. आता काका ऐकतात काय? ख्याल, त्यातही पुरुष गायक आणि बहुतेक काळी एक, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा षड्ज. त्या पट्टीत तंबोऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास लागते. तारेच्या मूळ सुराला खोली नेमकी तिथेच उचलून धरत होती आणि तबल्याच्या बायाची, म्हणजे डग्ग्याची, मींडही त्याच जागी फुगत होती. तबलजीने हात दाबत सूर वर नेला की मध्येच एक सूर ढोलासारखा मोठा व्हायचा, पुढचा लगेच बसायचा. माइक काकांच्या बसायच्या जागी कानाच्या उंचीवर लावला, रूम ईक्यू विझार्ड या मापाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वीप, म्हणजे खालून वरपर्यंत सरकत जाणारा सूर, वाजवून मोजला. ७० ला आसपासच्या पातळीपेक्षा १२ डेसिबलचा उंचवटा. ५१ वरही एक होता, तो रुंदीचा. सोफ्याच्या मधोमध तो जवळपास नाहीसा होतो, पण काका टोकाला बसतात.

"पण शोरूममध्ये हेच स्पीकर किती मोकळे वाजत होते!" काकू म्हणाल्या. खरं होतं. शोरूमची खोली मोठी, टॉवर भिंतीपासून मीटरभर पुढे. आणखी एक गोष्ट मात्र तिथे घडते आणि फार थोड्या जणांच्या लक्षात येते. या टॉवरची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे एका वॅटवर एक मीटरवर मिळणारा आवाज, ९० डेसिबल, बुकशेल्फची ८६. आवाजाचं बटण न हलवता एका जोडीवरून दुसरीवर गेलं की टॉवर चार डेसिबलने मोठे वाजतात, आणि मोठं वाजलेलं कानाला नेहमीच भरीव वाटतं. म्हणून घरी दोन्ही जोड्यांवर आधी पिंक नॉइज, म्हणजे चाचणीचा एकसारखा खरखराट, लावला, सोफ्यावर ७५ डेसिबल मोजले, प्रत्येक जोडीसाठी बटणाची जागा पेन्सिलने खुणावली. हे केल्याशिवाय केलेली तुलना मी तरी धरत नाही.

काकूंनी सुचवलं, छोटे स्पीकर युनिटच्या कप्प्यातच ठेवू, जमीन मोकळी राहील. नावच बुकशेल्फ असल्याने हे सगळ्यांनाच सुचतं. ठेवून दाखवले. टॉवरपेक्षाही वाईट वाजले. त्यांचा पोर्ट, म्हणजे खर्जासाठी डब्याला ठेवलेलं भोक, मागे आहे, मागे चार सेंटिमीटरवर प्लायवूड. कप्प्याची पोकळी स्वतःच घुमते, आणि ट्वीटरचा, म्हणजे वरचे सूर वाजवणाऱ्या छोट्या पडद्याचा, आवाज दोन्ही बाजूंच्या फळ्यांवर आपटून लगेच परततो, त्यामुळे गायकाचा आवाज समोर एका जागी उभा राहत नाही. काकांनी अर्ध्या मिनिटात मान हलवली.

मग स्टँड. २४ इंची, म्हणजे ६१ सेंटिमीटर. खोक्यात तळापासून २८ सेंटिमीटरवर ट्वीटर, एकूण ८९. सोफ्यावर बसलेल्या काकांचा कान ९२ वर, म्हणजे जमलं. स्टँडच्या नळीत वाळू भरली, पण कोरडी आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधून. ओली वाळू टाकली तर नळी आतून गंजते. नळी दोन-तृतीयांश भरली तरी पुरते. गुळगुळीत व्हिट्रिफाइड फरशीवर स्टँडच्या तळाचे खिळे सरकतात, म्हणून प्रत्येकाखाली छोटी धातूची वाटी. स्पीकर आणि स्टँडच्या पाटीमध्ये चार कोपऱ्यांना चिकट पुटीच्या गोळ्या, कारण घरात चार वर्षांची नात आहे.

पहिल्यांदा स्पीकरचं तोंड भिंतीपासून ६० सेंटिमीटरवर ठेवलं. ७० चा फुगवटा कमी झाला, पण १४० ला खड्डा पडला. मागच्या भिंतीवरून परतणारी लाट अर्ध्या लहरीने मागे राहून मूळ आवाज खाते, आणि हे अंतर लहरीच्या पाव भाग असेल तिथे घडतं: ३४३ भागिले २.४, बरोबर १४३. काळी एकचा मध्य षड्ज १३८.६. गायक षड्जावर ठेहरला की आवाज पातळ व्हायचा. काका म्हणाले, "सा पोकळ लागतोय." आकडा मी नंतर दाखवला, कानाने त्यांनी आधीच पकडलं होतं. दहा सेंटिमीटर पुढे घेतलं, खड्डा १२० च्या आसपास सरकला आणि उथळही झाला. बाजूच्या भिंतीचं अंतर मुद्दाम ६२ ठेवलं. मागचं आणि बाजूचं अंतर एकच असेल तर दोन खड्डे एकाच जागी साचतात. सोफा भिंतीपासून फूटभर पुढे ओढला. शेवटी मागच्या पोर्टमध्ये सोबत आलेला फोमचा बोळा घातला. आता ७० चा उंचवटा पाच डेसिबलवर आला. काच वाजायची थांबली.

टॉवरलाही तीच संधी द्यायला हवी होती. तेही पुढे ओढले. ७० वर आठ उरले, ३५ ला मात्र दहाचा फुगवटा तसाच, कारण टॉवर तिथपर्यंत पोचतात आणि बुकशेल्फ ५८ खाली हळूहळू सोडून देतात. शिवाय ३५ सेंटिमीटर खोल डबा एवढा पुढे आला की बाल्कनीकडे जायची वाट अडली. खोली मोजून आवाज सुधारणारी प्रणाली असलेला अँप्लिफायर असता तर फुगवटे कापता आले असते, यांच्याकडे साधा ५० वॅटचा आहे.

"पण ताकद कमी नाही ना पडणार?" काकांचा प्रश्न. ८६ अधिक ५० वॅटचे १७, एक मीटरवर १०३. पावणेचार मीटरवर साधारण साडेअकरा वजा, दुसऱ्या स्पीकरचे तीन अधिक, म्हणजे ९४ च्या पुढे. ते ऐकतात ते सरासरी ७२ वर. तबल्याच्या थापेची शिखरं वीस डेसिबल वर गेली तरी सामावतात. मोठ्या वाद्यवृंदाचे किंवा चित्रपटाचे शौकीन असते, हॉल वीस फुटांच्या पुढचा असता, भिंतीपासून मीटरभर सोडायची तयारी असती, तर मी टॉवरच सुचवले असते. यांच्या संगीतात ६० हर्ट्झखाली फारसं काही नाही, आणि त्याखालचं सगळं या खोलीत त्रासच देत होतं.

जागा मात्र वाचली नाही, हे काकूंना स्पष्ट सांगितलं. स्टँडची पाटी टॉवरच्या तळाएवढीच जागा घेते. वाचले ते पैसे: टॉवर १,१०,००० चे, बुकशेल्फ आणि स्टँड मिळून ६४,०००.

निघण्याआधी स्टँडच्या पुढच्या कोपऱ्यांशी फरशीवर मास्किंग टेपचे तुकडे लावले. लादी पुसताना हलले तर पुन्हा याच खुणेवर आणा, असं काकूंना सांगितलं, आणि सोफ्याच्या मागच्या पायांनाही तशाच खुणा केल्या.