धातूच्या बॉडीच्या जुन्या ड्रिलला तीन कोरची वायर

पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात ॲल्युमिनियमच्या बॉडीचं जुनं हॅण्ड ड्रिल अजूनही हाती लागतं. कधी मुलुंडचं रॅलीवुल्फ, कधी विलायतेहून आलेलं वुल्फ किंवा ब्लॅक अँड डेकर. गिअर शाबूत असतात, बेअरिंग बदलता येतात, मोटरही बहुतेक वेळा ठणठणीत असते. जिवावर बेतते ती वायर. मूळची रबरी वायर केव्हाच तडकलेली असते आणि मधल्या काळात कुणीतरी तिच्या जागी टेबलफॅनची दोन कोरची (आत दोनच वायरी असलेली) वायर लावून दिलेली असते. ड्रिल फिरतंय ना, मग झालं! पण या ड्रिलची अख्खी धातूची बॉडी आपण मुठीत धरतो, आणि आत एक वायर घासली की तीच बॉडी २३० व्होल्टवर जाते. म्हणून तिसरा, अर्थचा कोर हवा: तो बॉडीवर आलेली वीज जमिनीत नेतो.

हिरवी वायर कुठल्यातरी स्क्रूला गुंडाळली की अर्थिंग झालं, असा समज सगळीकडे आहे. तो चुकीचा आहे. अर्थ हा सलग रस्ता असतो: बॉडी, लग (वायरच्या टोकाची धातूची कडी), वायर, पिन, सॉकेट, बोर्ड आणि शेवटी जमिनीतला अर्थिंगचा खड्डा. त्यातला एक सांधा कच्चा असला तरी बाकी सगळी मेहनत फुकट. म्हणून जोडण्याइतकाच वेळ तपासायला द्यावा.

सुरुवात नेमप्लेटपासून करा. चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर ते हत्यार डबल इन्सुलेटेड आहे. त्याला अर्थ जोडायचा नाही, पुढचा गिअरबॉक्स धातूचा दिसत असला तरी नाही. तिथे आतले भाग आणि बाहेरचा धातू यांच्यात इन्सुलेशनचे दोन थर मुद्दाम ठेवलेले असतात. मधून अर्थची वायर फिरवली तर तेच अंतर मोडतं. त्याला दोन कोरचीच चांगली वायर लावा. व्होल्टेजही वाचा. अमेरिकेतून आलेलं ११५ व्होल्टचं ड्रिल आपल्या सॉकेटला लावलं तर मोटर जळते. शिवाय तिकडच्या वायरीत काळा कोर फेजचा असतो आणि पांढरा न्यूट्रलचा. आपल्याकडच्या जुन्या वायरीत लाल फेज, काळा न्यूट्रल, हिरवा अर्थ. नव्या वायरीत तपकिरी फेज, निळा न्यूट्रल आणि हिरवा-पिवळा अर्थ. जुन्या हत्यारात रंगावर विश्वास ठेवू नका. प्रत्येक कोर मल्टिमीटरने टोकापासून टोकापर्यंत तपासा.

वायर घेताना तापकीर गल्लीत किंवा लोहार चाळीत 'थ्री कोर फ्लेक्झिबल, पूर्ण तांब्याची' असं स्पष्ट सांगा. पाव इंची ड्रिलला ०.७५ चौरस मिलिमीटर चालते, अर्धा इंचीला १, आणि पाऊण इंची किंवा मोठ्या ग्राइंडरला १.५. जुने दुकानदार अजून २३-७६, ४०-७६ म्हणतात. पहिला आकडा तारांचा, दुसरा इंचातल्या जाडीचा, म्हणजे ०.००७६ इंच. हिशोब केला तर ४०-७६ सुमारे १.१७ चौरस मिलिमीटर भरते. टोक सोलून तारा मोजायला संकोच करू नका. ०.२ मिलिमीटरच्या २४ तारा म्हणजे ०.७५, ३२ म्हणजे १ आणि ४८ म्हणजे १.५. तारेवर ब्लेड घासलं आणि आतून पांढरं निघालं तर ते तांबं चढवलेलं ॲल्युमिनियम, ती वायर तिथेच ठेवा. परवडत असेल तर रबरी आवरणाची घ्या. पीव्हीसी थंडीत कडक होते आणि ड्रिल वळवताना मनगटाला ओढ देते. लांबी ३ मीटर पुरे.

आता ड्रिल उघडायचं. प्लग सॉकेटमधून काढून, नजरेसमोर ठेवून. हँडलचं झाकण काढलं की ट्रिगर स्विच दिसतो. काहीही सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. जुन्या रबरी इन्सुलेशनच्या आतल्या वायरींना हात लावताच पापुद्रे पडतात. तसं झालं तर फक्त बाहेरची वायर बदलून उपयोग नाही. फील्ड कॉइलकडे (मोटरच्या स्थिर भागातल्या वेटोळ्याकडे) जाणाऱ्या वायरीही बदला किंवा त्यांवर फायबर ग्लासची स्लीव्ह चढवा. कॉइलमधून बाहेर येणारी तार मात्र वाकवू नका, मुळाशी तुटली तर रिवाइंडिंगशिवाय (कॉइल नव्याने गुंडाळल्याशिवाय) इलाज नाही.

स्विचजवळ कधीकधी एक छोटा कपॅसिटर असतो. रेडिओत खरखर येऊ नये म्हणून बसवलेला. त्याची एक बाजू बॉडीला जोडलेली असेल तर ड्रिल धरताना येणाऱ्या झिणझिण्या बहुधा त्याच्याच. गणित सोपं आहे: ०.०१ मायक्रोफॅरडमधून २३० व्होल्टला, ५० हर्ट्झवर, साधारण ०.७ मिलिॲम्पियर जातो, ०.१ मायक्रोफॅरड असेल तर ७ मिलिॲम्पियर. जुना कागदी कपॅसिटर आतून फुटला की सरळ शॉर्ट. तो काढून टाका. फेज-न्यूट्रलमध्ये हवाच असेल तर २७५ व्होल्ट एसीचा एक्स-२ वर्गाचा (फेज-न्यूट्रलमध्ये लावायला बनवलेला) घाला. बॉडीकडे जाणारा घालायचाच तर फक्त वाय-२ वर्गाचा (बॉडीकडे लावायला बनवलेला), २२०० पिकोफॅरडचा. माझं मत विचाराल तर बॉडीकडचा नसलेलाच बरा.

या सगळ्या कामात सर्वांत महत्त्वाचा सांधा म्हणजे अर्थची वायर आणि बॉडी यांचा. त्याला स्वतःचा स्वतंत्र स्क्रू हवा. झाकणाचा किंवा स्विचचा स्क्रू वापरला तर पुढचा माणूस दुरुस्तीला उघडेल तेव्हा अर्थही सुटेल आणि परत बसेलच असं नाही. हँडलच्या आत, कास्टिंगच्या जाड भागात ३.३ मिलिमीटरचं भोक पाडून एम-४ चा टॅप मारा, म्हणजे आटे पाडा. स्क्रूच्या भोवतीचा रुपयाएवढा भाग पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा. तिथे रंग, प्रायमर आणि ऑक्साइड असं तिहेरी पांघरूण असतं, आणि यातलं काहीही वीज नेत नाही. घासल्यावर लगेच व्हॅसलीनचा पातळ हात फिरवा, कारण ॲल्युमिनियमवर ऑक्साइड पुन्हा धरायला वेळ लागत नाही. मग रिंग लग, त्याखाली दातेरी वॉशर, वर स्प्रिंग वॉशर आणि स्क्रू. लग क्रिम्पिंगच्या पकडीनेच दाबा. साध्या पकडीने चेपलेला लग ओढून बघितला की हातात येतो.

अर्थचा कोर फेज-न्यूट्रलपेक्षा २० ते ३० मिलिमीटर लांब ठेवा, ड्रिलच्या आतही आणि प्लगमध्येही. वायरला जोराचा हिसका बसून ती निसटलीच तर आधी फेज सुटला पाहिजे, अर्थ सगळ्यांत शेवटी. उलटं झालं तर फेज जोडलेला आणि अर्थ तुटलेला, म्हणजे सगळ्यात वाईट अवस्था.

स्विच दोन्ही वायरी तोडणारा असेल तर उत्तम. एकच तोडणारा असेल तर त्यातून फेजच गेला पाहिजे. टर्मिनलमध्ये घालायच्या टोकांना सोल्डर लावू नका. स्क्रूच्या दाबाखाली सोल्डर हळूहळू सरकतं, सांधा सैल होतो, तापतो आणि टर्मिनल काळं पडतं. त्याऐवजी टोकाला पिन लग लावा. वायर जिथे बॉडीत शिरते तिथे नवी रबरी नळी आणि वायर घट्ट धरणारी पट्टी हवी, आणि बाहेरचं आवरण पट्टीच्या आत ८ ते १० मिलिमीटर गेलेलं हवं. पट्टीने नुसते आतले कोर चेपले असतील तर ते काम चुकलं. गाठ मारून वायर अडकवण्याची जुनी पद्धतही सोडा. गाठीत तारा एकेक करून तुटतात. मूळची पट्टी हरवली असेल तर केबल ग्लँड (वायर घट्ट धरणारी आट्यांची नळी) बसवता येतो. पीजी-९ मध्ये ४ ते ८ मिलिमीटर जाडीची वायर बसते. भोक साधारण सव्वापंधरा मिलिमीटरचं लागतं, तेवढी जागा कास्टिंगला आहे का ते आधी मोजा.

प्लगला फार शब्द नकोत. चांगल्या कंपनीचा थ्री-पिन टॉप घ्या, ६ किंवा १६ ॲम्पियरचा. उघडलेल्या टॉपमध्ये, पिना पलीकडे आणि जाड पिन वर धरली की फेज उजवीकडे येतो. टर्मिनलवर एल, एन, ई अशी अक्षरंही असतात. जाड पिन लांब असते ती अर्थ आधी जोडला जावा म्हणून. बोर्डात बसत नाही म्हणून ती कापणारे लोक आहेत. तसं कधीही करू नका. त्याहून भयंकर म्हणजे घरात अर्थ नाही म्हणून बॉडी न्यूट्रलला जोडणं. बोर्डातला न्यूट्रल सुटला की मोटरमधून येणारा फेज थेट बॉडीवर येतो, आणि ड्रिल बंद पडलं म्हणून आपण ते दोन्ही हातांनी उचलून बघत असतो.

आता तपासणी. मीटरची 'पीं' पुरेशी नाही. अर्थच्या वायरीतली एकच तार उरली असली तरी मीटर वाजतो, आणि त्याच्या स्वतःच्या वायरींचाच रोध ०.२ ते ०.३ ओहम असतो. खरी परीक्षा करंट सोडून होते. १२ व्होल्टची बॅटरी आणि गाडीच्या हेडलाइटचा ५५ वॉटचा बल्ब घ्या. बॅटरीचं एक टोक बल्बमधून प्लगच्या जाड पिनेला, दुसरं टोक गिअरबॉक्सच्या उघड्या धातूला. सर्किटमधून साधारण साडेचार ॲम्पियर जातो. आता मीटर व्होल्टवर ठेवून जाड पिन आणि बॉडी यांच्यातला व्होल्टेज मोजा. १ चौरस मिलिमीटरच्या ३ मीटर वायरीला ०.२५ व्होल्टच्या आसपास यायला हवा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर सांधा कच्चा आहे. ०.७५ च्या वायरीला ०.३५ पर्यंत चालेल. मोजताना वायर शिरते त्या जागी ती वाकवा, ओढा, पिळा. बल्ब जराही लुकलुकता कामा नये. हँडल, मोटरचा भाग आणि गिअरबॉक्स हे वेगवेगळे तुकडे असतात आणि त्यांच्यात कधी रंग, कधी कागदी गॅस्केट असतं, म्हणून तिन्ही ठिकाणी मोजा. चकचं माप धरू नका. तो बेअरिंगच्या ग्रीसवर तरंगत असतो.

दुसरी परीक्षा इन्सुलेशनची, ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरने. प्लगच्या फेज आणि न्यूट्रलच्या पिना एकत्र करून एक टोक तिथे, दुसरं बॉडीला, आणि ट्रिगर दाबून धरलेला. ट्रिगर सोडलेला असेल तर तुम्ही फक्त वायर मोजताय, मोटर नाही. १ मेगओहमच्या खाली आलं तर लावू नका. कोरडं, साफ ड्रिल दहापट तरी जास्त दाखवतं. कमी येण्याची नेहमीची कारणं दोन: ओल आणि कार्बनची पूड. ब्रश होल्डरभोवतीची काळी पूड ब्रशने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढा. कोकणात पावसाळाभर पडून राहिलेलं ड्रिल पत्र्याच्या डब्यात ६० वॉटच्या बल्बशेजारी रात्रभर ठेवलं की बरेचदा आकडा वर येतो. तरीही येत नसेल तर आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) रिवाइंडरकडे द्या.

पहिल्यांदा वीज द्यायची ती १०० वॉटच्या बल्बच्या सिरीज बोर्डवरून (ज्यात वीज बल्बमधूनच ड्रिलला जाते), ड्रिल लाकडावर ठेवून. ट्रिगर न दाबता बल्ब लागला तर फेज कुठेतरी टेकला आहे. ट्रिगर दाबल्यावर बल्ब लागून ड्रिल हळू फिरलं तर ठीक.

एवढं करूनही घरचा खड्डा सुकलेला असेल तर काय होतं ते आकड्यांत बघा. खड्ड्याचा रोध २५ ओहम असेल तर फेज बॉडीला टेकल्यावर जेमतेम ९ ॲम्पियर वाहतात. १६ ॲम्पियरचा एमसीबी (जास्त करंट वाहिला की आपोआप पडणारा स्विच) त्यावर कधीच पडणार नाही आणि बॉडी तशीच जिवंत राहील. ५ ओहमच्या चांगल्या खड्ड्यालाही ४६ ॲम्पियरच येतात. सी प्रकारच्या त्या एमसीबीला तत्काळ पडायला ८० ते १६० लागतात, त्यामुळे तो गरम होऊन पडेपर्यंत कित्येक सेकंद जातात. म्हणून ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती होताच वीज तोडणारा स्विच, हवाच. आणि त्यालाही अर्थची साथ लागते. अर्थ नसेल तर दोष निर्माण झाला तरी तो गप्प असतो आणि माणसातून करंट जायला लागल्यावरच पडतो. अर्थ असेल तर प्लग लावून स्विच टाकताक्षणी, हात लागायच्या आत पडतो.

एक्स्टेंशन बोर्डही उघडून बघा. वर तीन भोकांची सॉकेटं, टोकाला थ्री-पिन टॉप आणि मधली वायर दोन कोरची, असे बोर्ड वर्कशॉपमध्ये सर्रास सापडतात. सॉकेटवर मोजताना फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ दोन्ही २३० च्या जवळ, आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. कच्चा अर्थही मीटरला २३० दाखवू शकतो, म्हणून वायरमन फेज आणि अर्थमध्ये १०० वॉटचा बल्ब लावून बघतो. ही परीक्षा त्याच्याकडूनच करून घ्या आणि आधी त्या लाइनवरचा फ्रिज, गिझर, मशीन यांचे प्लग काढायला लावा. अर्थची वायर मध्येच तुटलेली असेल तर बल्बमधून गेलेला फेज त्या सगळ्यांच्या बॉडीवर पोचतो. आरसीसीबी असेल तर या परीक्षेत तो पडेलच. पडला म्हणजे अर्थ निदान काही प्रमाणात जोडलेला आहे, पण किती चांगला ते कळायला खड्ड्याचा रोध अर्थ टेस्टरने मोजावा लागतो.